कंपवात अर्थात पार्किन्सन्स व्याधी : लक्षणे, हेतू आणि कवचबीजाची मात्रा

वार्धक्यात हात थरथरू लागले की ‘आता वय झाले’ असे म्हणून घरातील मंडळी पहिले एक-दोन वर्ष सहज घालवितात. पुढे चाल मंदावते, सदऱ्याची बटणे लावण्यास वेळ लागू लागतो, बँकेत सही जुळत नाही आणि मग रुग्णास चिकित्सकाकडे आणले जाते. आम्हा वैद्यांकडे असा रुग्ण येतो तेव्हा बहुधा त्याच्या हाती न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी असते, तोंडी एकच प्रश्न असतो : “वैद्यराज, या गोळ्या बंद करून आयुर्वेदिक औषध सुरू करता येईल का?” हा प्रश्न साधा वाटला तरी त्याच्या उत्तरावर रुग्णाची चाल, वाणी आणि प्रसंगी प्राणही अवलंबून असतो. वैद्यमित्रांनी हे उत्तर श्रद्धेने वा संकोचाने न देता ज्ञानपूर्वक द्यावे, या हेतूने प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

चेतापेशींचा क्रमाक्रमाने ऱ्हास होऊन उद्भवणाऱ्या व्याधींमध्ये अल्झायमर, पार्किन्सन्स, हंटिंग्टन, मोटर न्यूरॉन इत्यादी व्याधींचा समावेश होतो. या सर्वांत आयुर्वेदाचा सर्वांत निकटचा संबंध पार्किन्सन्स व्याधीशी येतो. कारण या व्याधीवरील आजचे प्रमुख आधुनिक औषध जे लेव्होडोपा, ते आपल्या कवचबीजात निसर्गतःच आहे. आणि या व्याधीचे रहस्य ज्या प्रयोगातून उलगडले, त्या प्रयोगात आपल्या सर्पगंधेतील द्रव्य वापरलेले होते.

१. ग्रंथोक्त विचार

‘पार्किन्सन्स’ या नावाचा व्याधी संहितांत शोधणे योग्य नव्हे. मात्र त्याची लक्षणे विखुरलेल्या स्वरूपात निश्चित आढळतात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात वाताचे जे ऐंशी नानात्मज विकार गणले, त्यांत वेपथु आहे. त्याच गणनेत घ्राणनाश, अस्वप्न, विषाद, उदावर्त आणि भ्रम हेही आहेत. या व्याधीत कंपाच्या जोडीने गंधज्ञान जाणे, निद्रा बिघडणे, मन खिन्न होणे व मलावष्टंभ होणे ही लक्षणे येतात, हे ध्यानात घेतले असता ही गणना पुन्हा एकवार वाचावीशी वाटते. आंध्र प्रांतातील ‘बसवराजीयम्’ या ग्रंथात तर कंपवात असा स्वतंत्र व्याधी सांगून हातापायांचा कंप, निद्राभंग व मतिक्षीणता ही त्याची लक्षणे दिली आहेत.

संप्राप्तीच्या दृष्टीने चरक चिकित्सास्थानातील अठ्ठाविसावा अध्याय अधिक महत्त्वाचा आहे. वाताचा प्रकोप दोन मार्गांनी होतो, एक धातुक्षयाने व दुसरा मार्गावरोधाने, हा तेथील सिद्धांत होय. आवरणांच्या वर्णनात कफावृत व्यानात सर्व गात्रांची गुरुता व गतिसंग, तर कफावृत उदानात वाणी व स्वराचा अवरोध, दौर्बल्य आणि गात्रगौरव सांगितले आहे. पार्किन्सन्सचा रुग्ण समोर बसवून ही लक्षणे वाचावीत. उंबऱ्याशी येताच पाय जमिनीस खिळणे, आवाज हळूहळू क्षीण व एकसुरी होणे, अंग जड वाटणे हे सर्व तेथे आहे. म्हणून केवळ कंप पाहून ‘शुद्ध वात’ असे निदान करणे आम्हास अपुरे वाटते. बहुतेक रुग्णांत मूळ धातुक्षयाचे असते आणि त्यावर कफाचे आवरण असते. दोहोंचे प्रमाण रुग्णागणिक भिन्न असते, आणि चिकित्साक्रम त्यावरच ठरवावा लागतो.

२. आधुनिक विचार

लंडनमधील चिकित्सक जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये ‘शेकिंग पाल्सी’ या नावाने या व्याधीचे वर्णन केले. ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. त्यांनी पाहिलेले रुग्ण अवघे सहा होते व त्यांतील काही तर त्यांनी रस्त्याने जाताना पाहिले होते. दर्शनपरीक्षेचे सामर्थ्य याहून वेगळे काय सांगावे?

विकृतीचे स्थान मात्र शतकानंतर निश्चित झाले. मध्यमस्तिष्कातील ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ या कृष्णवर्ण भागातील पेशी नष्ट होतात, हे त्रेत्याकॉफ यांनी १९१९ मध्ये दाखविले. त्या पेशींत आढळणाऱ्या विशिष्ट पिंडांचे वर्णन फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्येच अन्य भागांतील पेशींबाबत केले होते. त्यांनाच लेवी पिंड म्हणतात. हे पिंड मुख्यतः अल्फा-सायन्युक्लीन या प्रथिनाच्या गुठळ्यांचे असतात, हे १९९७ मध्ये समजले. या कृष्णवर्ण पेशी डोपामिन हे रसायन निर्माण करतात. हालचालीचा आरंभ, तिचा वेग व तिची सहजता या रसायनावर अवलंबून असते. बाह्य लक्षणे प्रकट होतात तेव्हा निम्म्याच्या आसपास वा त्याहून अधिक पेशी नष्ट झालेल्या असतात. म्हणजे रुग्ण आपल्या दारी येतो तेव्हा व्याधीचे वय बरेच झालेले असते.

हेतूंच्या बाबतीत वय हा सर्वांत बलवान घटक होय. काही कुटुंबांत जनुकीय दोष आढळतो. रोटेनोन व पॅराक्वॅट या कृषिरसायनांशी दीर्घ संपर्क आलेल्या व्यक्तींत हा व्याधी अधिक आढळल्याचे अभ्यास आहेत. कृषिप्रधान भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांनी रुग्णाच्या इतिहासात फवारणीचा प्रश्न अवश्य विचारावा. मुंबईतील पारशी समाजात घरोघर जाऊन केलेले व १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेले सर्वेक्षण प्रसिद्धच आहे. त्यात दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले. त्या समाजातील वृद्धांचे मोठे प्रमाण हे त्याचे एक कारण होय. आपल्या समाजातही वृद्धांची संख्या वाढत असल्याने हे चित्र सर्वांनीच ध्यानी घ्यावे.

३. लक्षणे

प्रधान लक्षणे चार होत. पहिले, गतीची मंदता व तिचा संकोच. निदानासाठी हे अनिवार्य आहे. रुग्णास अंगठा व तर्जनी वेगाने जुळविण्यास सांगावे. आठ-दहा वेळा जुळविताच हालचाल लहान व मंद होत जाते. दुसरे, विश्रांतीत असता होणारा कंप. हात मांडीवर स्वस्थ ठेविला असता गोळी वळत असल्यासारखी बोटे हलतात, सेकंदास चार ते सहा वेळा; आणि हात कामास लावताच कंप थांबतो वा कमी होतो. तिसरे, स्तंभ. मनगट वा कोपर हलवून पाहता दात्याच्या चाकासारखे अडखळत हलते. चौथे, तोल जाणे. हे लक्षण उशिरा येते. आरंभ बहुधा एका बाजूस होतो व तीच बाजू पुढेही अधिक बाधित राहते. अक्षर बारीक होत जाणे, चालताना एक हात न हलणे, चेहरा भावहीन दिसणे ही चिन्हे दाराशीच टिपता येतात.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, काही लक्षणे कंपाच्या कित्येक वर्षे आधी येतात : दीर्घकालीन मलावष्टंभ, गंधज्ञानाचा लोप, निद्रेत स्वप्नानुसार ओरडणे वा हातपाय झाडणे, आणि विषाद. ब्राक यांनी २००३ मध्ये असा विचार मांडला की, ही विकृती काही रुग्णांत आतड्यातील चेतातंतूंपासून आरंभ होऊन वर चढत असावी. पक्वाशय हे वाताचे मुख्य स्थान मानणाऱ्या वैद्यास यात आनंद वाटणे स्वाभाविक आहे. पण हे साम्य होय, सिद्धी नव्हे. ब्राक यांचा विचारही सर्व रुग्णांना लागू पडत नाही. त्यातून घेण्याजोगा व्यावहारिक बोध इतकाच की, मलावष्टंभाचा रुग्ण झोपेत पत्नीस लाथा मारतो व त्यास फोडणीचा वास येत नाही असे समजल्यास त्याचे हात व चाल अवश्य पाहावी.

४. कंप म्हणजे कंपवात नव्हे

आमच्या अनुभवानुसार चिकित्सेतील अर्धे अपयश निदानाच्या घाईतून येते. पुढील अवस्था प्रथम वगळाव्यात.

(अ) इसेन्शियल ट्रेमर : यात कंप हात कामास लावल्यावर येतो. चहाचा कप उचलता चहा सांडतो. दोन्ही हात बाधित असतात, मान वा आवाजही थरथरतो आणि पुष्कळदा आई-वडिलांपैकी एकास तसाच त्रास असतो. गतिमंदता नसते. यात कवचबीजाचा उपयोग होत नाही.

(आ) औषधजन्य कंप : मळमळीसाठी दिलेले मेटोक्लोप्रामाइड वा प्रोक्लोरपेराझिन, चक्करेसाठी महिनोन्‌महिने चालू ठेवलेले सिनारिझिन वा फ्लुनारिझिन, तसेच मानसविकारांवरील औषधे यांनी हुबेहूब असाच व्याधी निर्माण होतो. तो बहुधा दोन्ही बाजूंस सारखा असतो. अशी औषधे मूळ चिकित्सकाच्या संमतीने थांबविल्यास काही आठवड्यांत वा महिन्यांत लक्षणे ओसरतात. एका वृद्ध भगिनीस त्यांच्या मुलाने ‘कंपवातावर पंचकर्म करावे’ म्हणून आमच्याकडे आणले होते. पिशवीतील सर्व औषधे टेबलावर ओतून पाहिली तेव्हा चक्करेची गोळी दोन वर्षे अखंड चालू असल्याचे दिसले. मूळ डॉक्टरांशी बोलून ती थांबविण्यात आली आणि चार महिन्यांत त्या पूर्ववत स्वयंपाक करू लागल्या. पंचकर्माची गरजच पडली नाही. पिशवी ओतून पाहणे हीदेखील एक परीक्षाच होय.

(इ) तरुण रुग्णातील कंप : चाळिशीच्या आतील रुग्णात विल्सन व्याधी वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये. यात शरीरात तांबे साचते व ते यकृत आणि मेंदू यांस बाधते. अशा रुग्णास ताम्रभस्म वा ताम्रभस्मयुक्त आरोग्यवर्धिनी देणे म्हणजे अग्नीत घृत घालणे होय. यकृतविकार आहे म्हणून आरोग्यवर्धिनी लिहिण्याची सवय येथे घातक ठरते.

(ई) अन्य ऱ्हासजन्य व्याधी : आरंभीच वारंवार पडणे व नजर खाली न वळणे, आरंभीच उभे राहताच मूर्च्छा येणे व मूत्रावरील ताबा जाणे, किंवा चाल, मूत्र व स्मृती तिन्ही एकदम बिघडणे अशी चित्रे दिसल्यास न्यूरॉलॉजिस्टकडे तातडीने पाठवावे. यांतील शेवटच्या अवस्थेत मस्तिष्कातील जलसंचय शस्त्रकर्माने कमी करता येतो, म्हणून विलंब अक्षम्य होय.

५. सर्पगंधा आणि कवच

आता लेखाच्या मुख्य विषयाकडे वळू. सर्पगंधा ही उन्माद व अनिद्रेवर आपल्याकडे परंपरेने वापरली जाई. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद व उच्च रक्तदाबावरील तिच्या गुणाविषयी लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिचा रक्तदाबावरील अनुभव प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन पृथक् करण्यात आले. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रिसर्पिन दिले. ससे निश्चल होऊन पडले. नंतर त्यांना डोपा देताच ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूतील डोपामिनचे कार्य या मार्गाने उजेडात आले व या संशोधनास २००० साली नोबेल पारितोषिक लाभले.

दुसरीकडे कवचबीज. आत्मगुप्ता, कपिकच्छू, मर्कटी या नावांनी ग्रंथांत, तर खाजकुहिली वा कुहिली या नावाने आपल्या कुंपणांवर ही वेल सर्वपरिचित आहे. तिच्या बीजातून लेव्होडोपा पृथक् केल्याचे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध केले. त्या वेळी त्याचा रोगावरील उपयोग कोणास ठाऊक नव्हता. व्हिएन्नात १९६१ मध्ये बिर्कमायर व हॉर्निकिविझ यांनी रुग्णांना लेव्होडोपा शिरेवाटे दिले आणि १९६७ मध्ये कोट्झियास यांनी मुखावाटे मोठ्या मात्रेत देण्याची पद्धत बसविली. पुढे कार्बिडोपाची जोड मिळाल्याने मात्रा बरीच कमी करता आली.

या इतिहासातून आम्ही दोन निष्कर्ष काढतो. पहिला असा की, सर्पगंधा डोपामिन रिक्त करते. म्हणून कंपवाताच्या रुग्णास झोपेसाठी वा रक्तदाबासाठी सर्पगंधा घनवटी देऊ नये. उलट, दीर्घकाळ सर्पगंधा घेणाऱ्या रुग्णास मंदगती व विषाद दिसू लागल्यास प्रथम ती थांबविण्याचा विचार करावा, मात्र रक्तदाबावर लक्ष ठेवूनच. दुसरा असा की, कवचबीज हे कंपवातात केवळ बल्य वा वृष्य रसायन राहत नाही. ते मोजून द्यावयाचे तीक्ष्ण कार्यकारी औषध होय.

६. कवचबीजाचा पुरावा

या बाबतीत अभिमानास्पद कार्य मुंबईत झाले आहे. डॉ. अशोक वैद्य व सहकारी यांनी १९७८ मध्ये ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त कवचबीजाच्या रुग्णांवरील उपयोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर एचपी-२०० या कवचबीजकल्पाचा ६० रुग्णांवरील १२ आठवड्यांचा अभ्यास १९९५ मध्ये आला व त्यात लक्षणीय सुधारणा दिसली. लंडनमध्ये २००४ साली आठ रुग्णांवर झालेल्या तुलनेत ३० ग्रॅम कवचकल्पाचा परिणाम सरासरी ३५ मिनिटांत, तर नेहमीच्या गोळीचा ६९ मिनिटांत सुरू झाला आणि कवचाचा परिणाम अधिक वेळ टिकला.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६ आठवड्यांच्या अभ्यासात १४ रुग्णांपैकी सात जणांना कवचचूर्ण सोडावे लागले. चौघांना पोटाचा त्रास झाला, तर तिघांची हालचाल खालावली. एका मात्रेचा परिणाम उत्तम असणे वेगळे व रोज, महिनोन्‌महिने ते औषध सोसणे वेगळे. हे सर्व अभ्यास लहान आहेत. ऱ्हास थांबविण्याचे सामर्थ्य कवचबीजात वा लेव्होडोपात आहे असे यांपैकी कोणत्याही अभ्यासाने दाखविलेले नाही. दोन्ही औषधे उणीव भरून काढतात. पेशींचा क्षय थांबवीत नाहीत.

शोधनाच्या संदर्भात २००० साली प्रसिद्ध झालेला केरळमधील अभ्यास वैद्यांनी अवश्य जाणावा. १८ रुग्णांपैकी तेरांना प्रथम २८ दिवस शोधन व नंतर ५६ दिवस शमन, तर पाचांना केवळ शमन देण्यात आले. शमनकल्पात गोदुग्धासह कवचबीज, पारसिक यवानी, अश्वगंधा व बला होती व त्याच्या एका मात्रेत सुमारे २०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आढळले. शोधनपूर्वक शमन घेतलेल्यांच्या दैनंदिन व्यवहारात स्पष्ट सुधारणा झाली. केवळ शमन घेतलेल्यांना दैनंदिन व्यवहारात तितका लाभ दिसला नाही. रुग्णसंख्या अल्प असली तरी औषधापूर्वी मार्ग मोकळा करावा, या आपल्या तत्त्वास पोषक असे हे निरीक्षण आहे. या व्याधीत आमाशय रिता होण्यास विलंब लागतो व मलावष्टंभ असतो. औषध वेळेवर आतड्यात पोहोचत नाही. शोधनाचा लाभ काही अंशी येथूनच येत असावा, असे आम्हास वाटते.

७. मात्रेचे गणित

कवचबीजात लेव्होडोपाचे प्रमाण साधारण ४ ते ६ टक्के असते. जात, भूमी व संस्कार यांनुसार ते बदलते. भिजविल्याने व उकळल्याने ते घटते. पाच टक्के धरल्यास ५ ग्रॅम चूर्णात सुमारे २५० मिलिग्रॅम लेव्होडोपा होते. कार्बिडोपा सोबत नसता यातील मोठा भाग मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच वाया जातो. कार्बिडोपा सोबत असता लेव्होडोपाची गरज सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी होते.

याचा व्यवहारात अर्थ असा. ज्या रुग्णास कोणतीही गोळी चालू नाही, त्यास ५ ग्रॅम चूर्ण म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या अर्ध्या गोळीहून थोडे अधिक. परंतु जो रुग्ण आधीच लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या घेत आहे, त्याच्या शरीरातील कार्बिडोपा चूर्णातील लेव्होडोपासही संरक्षण देते. त्यामुळे तेच ५ ग्रॅम चूर्ण अडीच गोळ्यांच्या घरात जाते. ‘चूर्णच आहे, सोबत असू द्या’ असे म्हणून दिलेल्या चमच्याने रुग्ण साप वळवळावा तसा अनैच्छिक हालचाली करू लागतो, त्यास भास होतात, उभे राहताच रक्तदाब कोसळतो. हा दोष चूर्णाचा नव्हे, न केलेल्या बेरजेचा होय.

म्हणून आमची पद्धती अशी आहे. गोळ्या चालू असलेल्या रुग्णात कवचबीज सुरू करावयाचे असल्यास न्यूरॉलॉजिस्टला लेखी कळवून, गोळ्यांची मात्रा त्यांच्याकडून ठरवून घेऊन, प्रमाणित व एकाच निर्मात्याच्या कल्पाची अल्पमात्रा द्यावी आणि घरच्यांना वेळांची वही ठेवण्यास सांगावे. उन्मादसदृश लक्षणे वा भास, विशिष्ट प्रकारचा काचबिंदू, त्वचेचा मेलॅनोमा अथवा काही विशिष्ट विषादहर औषधे चालू असता कवचबीज देऊ नये.

अनुपान व सहपान यांचाही विचार हवा. दूध, डाळी, पनीर यांतील प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणात स्पर्धा करतात. म्हणून हे औषध भोजनापूर्वी अर्धा-पाऊण तास द्यावे व मोठ्या पेलाभर दुधाचा आग्रह या व्याधीत धरू नये. लोहकल्प लेव्होडोपास बांधून ठेवतात. नवायस लोह वा तत्सम औषध देणे असल्यास वेळ पूर्ण वेगळी असावी. कार्बिडोपाविना केवळ कवचबीज घेणाऱ्यास ब-६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देऊ नयेत. त्याने परिणाम घटतो. पारसिक यवानी कंपावर उपयुक्त असली तरी सत्तरीपुढील रुग्णात ती मतिभ्रम व मूत्रावरोध करू शकते, हे विसरू नये.

८. चिकित्सेतील आपले स्थान

हे सर्व वाचून ‘मग वैद्याने करावे तरी काय?’ असा प्रश्न पडेल. करण्याजोगे पुष्कळ आहे. गोळ्या कंप व मंदतेवर उत्तम काम करतात. परंतु मलावष्टंभ, निद्रा, वेदना, स्तंभ, कृशता व विषाद यांवर त्या अपुऱ्या पडतात. नेमके येथेच आपले शास्त्र बलवान आहे.

अनुलोमनास प्रथम स्थान द्यावे. मनुका, गंधर्वहरीतकी, एरंडस्नेह यांची रुग्णबलानुसार योजना करावी. कोठा सुधारताच चालू गोळ्यांचाही परिणाम सुधारल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे. महानारायण वा बला तैलाने अभ्यंग व मृदु स्वेद स्तंभ व वेदनेत हितकर होतो. मात्र अभ्यंगानंतर तैलाचे पाय पूर्ण पुसल्याशिवाय रुग्णास उभे करू नये. या रुग्णाचे पडणे म्हणजे मांडीच्या अस्थीचा भंग. स्वेदापूर्वी बसून व उभे राहून रक्तदाब मोजावा. उभे राहता तो फार उतरत असल्यास सर्वांग स्वेद टाळावा. बस्तीत सुमारे ६० मिलिलिटर मात्राबस्तीपासून आरंभ करून बलानुसार यापन बस्तीकडे जावे. कफाचे आवरण स्पष्ट असता आरंभीच बृंहणाचा मारा न करता मृदु स्निग्ध विरेचन व दीपन-पाचन करावे. धातुक्षय प्रधान असता बृंहण व अश्वगंधा, बला, ब्राह्मी यांसारखी रसायने द्यावीत. नस्य द्यावयाचे असल्यास गिळण्याची परीक्षा आधी करावी. ज्यास पाणी पिताना ठसका लागतो त्यास नस्य नको, काढ्याचे मोठे घोटही नकोत. औषध घट्ट स्वरूपात द्यावे.

नित्य व्यायाम हे येथे औषधच होय. मोठी पावले टाकीत चालणे, मोठ्याने वाचन करणे, पाय खिळताच फरशीवरील आडव्या रेषेकडे पाहून पाऊल टाकणे हे उपाय साधे पण फलदायी आहेत. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ व मुंबईतील पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांसारखे स्वमदत गट रुग्ण व शुभंकर यांना आधार देतात. त्यांचा परिचय रुग्णास करून द्यावा.

९. त्या प्रश्नाचे उत्तर

आता आरंभीच्या प्रश्नाकडे. गोळ्या बंद करून आयुर्वेदिक औषध सुरू करता येईल का? ‘नाही, एकाएकी मुळीच नाही’ असे स्पष्ट उत्तर वैद्याने द्यावे. लेव्होडोपा अचानक थांबविल्यास तीव्र ज्वर, सर्वांग ताठरणे व संज्ञानाश अशी अवस्था येऊ शकते. ती प्राणघातक ठरते. ‘नैसर्गिक उपचार घेत आहे’ म्हणून स्वतःच गोळ्या सोडून चार दिवसांनी अंथरुणास खिळलेल्या एका निवृत्त शिक्षकांस आम्हास तातडीने रुग्णालयात पाठवावे लागले होते. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर ते सावरले. त्यांचे शोधन व बस्तीकर्म त्यानंतर गोळ्यांसह झाले आणि त्यांना त्याचा लाभही झाला.

व्याधी नुकताच निदान झाला असेल, लक्षणे सौम्य असतील व रुग्ण अद्याप कोणतेही औषध घेत नसेल, तर न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीसह प्रमाणित कवचकल्पाने आरंभ करण्याचा विचार करता येईल. व्याधी पूर्ण बरा करण्याचे वचन कोणी देऊ नये. ते वचन आज कोणत्याच शास्त्रास पाळता येत नाही. याप्य व्याधीची संकल्पना आपल्या आचार्यांनी दिलेली आहे. पथ्य, औषध व सेवा यांच्या आधाराने आयुष्य सुखावह करणे हीही चिकित्साच होय.

सुज्ञ वैद्यांनी आपल्याकडील कवचबीजाच्या रुग्णांची मात्रा, चालू गोळ्या व परिणाम यांची नोंद नियमित ठेवावी आणि ती या त्रैमासिकाकडे पाठवावी, अशी विनंती आहे. एकेकट्याचा अनुभव विस्मृतीत जातो. अनेकांच्या काटेकोर नोंदींतून पुढील वैद्यपिढीस मात्रा ठरविण्याचा आधार मिळेल. अलमिति विस्तरेण.